शेठच्या भिंतीवरचे बगळे

ज्या माणसाबद्दल मी हे लिहिते आहे, त्यांनी मला एकदाही मूठ काढून दिली नाही.

मी पत्रकांत वाढले. वडील सुरतेच्या नवागाममधल्या एका लूमच्या खात्यात कारागीर होते आणि उरलेला सगळा वेळ युनियनचे. घरात भांडी कमी, पत्रकांचे गठ्ठे जास्त. पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले, पत्रकाच्या घडीत आई शाळेचा डबा बांधायची, आणि माझा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘बंधूंनो’ होता, असं वडील येईल त्या पाहुण्याला सांगत. पुढे पत्रकं मीच लिहायला लागले. प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात मला एक आवळलेली मूठ हवी असायची. ती काढून घ्यायला मी सुपडूनानांकडे गेले, कारण आमच्या गल्लीत हातात ब्रश धरणारे तेवढेच.

नानांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला. मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. म्हणाले, “हे मला जमत नाही. आवळली की बोटं आत जातात. मग काढायचं काय?”

आणि त्यांनी कोपऱ्यात एक बगळा काढला. एका पायावर उभा, मान आखडलेली.

मी चिडले. मिलवाले खाडीत सोडतात त्या पाण्याविरुद्धचं पत्रक होतं ते. म्हटलं, नाना, ही लढ्याची गोष्ट आहे, पक्ष्यांच्या दुकानाची जाहिरात नाही.

“मग हा काय झोपलाय?” ते म्हणाले. “नीट बघ. हलत नाही म्हणजे विसरला असं नाही. मासा टप्प्यात यायची वाट बघतोय.”

पत्रक तसंच छापलं. लूमवरच्या दोघातिघांनी मला विचारलं की पोपटही मिळतील का. हे नानांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांची बायको, आमच्या काकू, पोळपाट सोडून बाहेर बघायला आल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘पत्रकवाली’ झाले.

नाना अमळनेरकडचे. तरुणपणी सुरतेला आले ते एका छापखान्यात कापडावर स्क्रीन ओढायला. रिकाम्या वेळी ते सिगारेटच्या पाकिटांवर पानंफुलं काढत. ती कुणीतरी शेठला दाखवली आणि शेठने त्यांना उचलून डिझाइनच्या टेबलावर बसवलं. शेठचं नाव मी इथे लिहीत नाही. माझी लिहायची तयारी होती, नानांनीच मना केलं. म्हणाले, एकाचं नाव लिहिलंस की बाकीचे शेठ निवांत झोपतील. म्हणून तो फक्त शेठ. मार्केटमध्ये गादी, सचिन गावाच्या बाजूला कापड रंगवायची आणि छापायची मिल, आणि बंगल्याच्या अंगणात कबुतरांसाठी बांधलेला चबुतरा, ज्यावर तो रोज सकाळी स्वतःच्या हाताने ज्वारी टाकतो. ही ज्वारी लक्षात ठेवा.

साडीचा छाप तेव्हा हाताने काढत. बाकीचे आर्टिस्ट जुन्या साड्या समोर ठेवून त्यातलं फूल इकडचं तिकडे करत. नाना तसं करत नसत. आमच्या वस्तीच्या मागे खाडी आहे. आज ती सांगताना मला नाक धरावंसं वाटतं, पण नाना आले तेव्हा तिथे पाणकणसांची दाटी होती, पांढरी कमळं होती, जांभळ्या पाणकोंबड्या होत्या, वाकलेल्या बाभळीवर सुगरणींची घरटी होती आणि बगळे तर विचारायलाच नको. नाना पहाटे उठून तिथे जात. एका पालथ्या पिंपावर बसत आणि नुसतं बघत. बरोबर कागद नाही, पेन्सिल नाही. मग चालत घरी येत, वाटेत कुणाशी बोलत नसत, आणि घरी आल्यावर काढायला बसत.

मी एकदा विचारलं की तिथेच बसून का काढत नाही.

“तिथे सगळंच दिसतं,” ते म्हणाले. “घरापर्यंत जे टिकतं ते पक्कं. बाकीचं वाटेतच धुऊन जातं.”

पक्का आणि कच्चा. त्यांना जगात एवढ्याच दोन जाती मान्य होत्या. चहा कच्चा, जावई पक्का. आमच्या वॉर्डात मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी नीट नमस्कार केला, तो वळल्यावर म्हणाले, पहिल्या धुण्यात जाईल. माझ्या पत्रकांबद्दलही तेच. “लाल लई वापरतेस. लाल सगळ्यात आधी उतरतो.” स्वतः मात्र ते जन्मभर पांढरा सदरा घालत आले. दिवसभर रंगात हात बुडालेले आणि सदऱ्यावर एक ठिपका नाही. हा त्यांचा एकमेव गर्व, आणि तो धुण्याची जबाबदारी काकूंवर असल्यामुळे घरात त्याला फारसा मान नव्हता.

खाडीतून उचललेल्या त्या चित्रांतून नानांनी शेठला एक साडी दिली. सगळीभर पाण्याच्या हिरव्या रेघा आणि पदरावर उडणारे बगळे. लोक तिला ‘बगळा-पदर’ म्हणत. माझ्या आईकडे ती होती, काकूंकडे होती, धुळ्या-जळगावच्या लग्नांत तर मांडव भरून बगळे उडायचे. शेठची मिल त्या पदरावर उभी राहिली असं मार्केटमध्ये सगळे म्हणतात. शेठ स्वतःही म्हणायचा. फक्त ते बगळे कुठले, हे त्याने कधी विचारलं नाही.

त्याला विचारायचं असायचं ते एकच. नमुन्याचं कापड टेबलावर आलं की शेठ खिशातून पांढरा रुमाल काढायचा, पाण्याच्या पेल्यात त्याचं टोक बुडवायचा आणि कापडावर घासायचा. मग तो रुमाल खिडकीकडे धरायचा. रुमालाला रंग लागला की कापड जमिनीवर. रुमाल पांढरा राहिला की “चालशे.” बाकी चित्राबद्दल काही न बोलता हा माणूस एवढा एक शब्द बोलायचा. त्या रुमालाला मार्केटमधले जुनेजाणते आर्टिस्टसुद्धा घाबरत. नाना त्याची नक्कल फार छान करत. काकूंनी नवीन चादर आणली की ते पेला मागवत, रुमाल भिजवत, भुवया वर करून खिडकीकडे बघत आणि काकू अहिराणीत म्हणत, “व्हई गयं का नाटक?”

ही मिल वाढली. रंगवायची यंत्रं वाढली, बॉयलर वाढले आणि एक जाड पाईप खाडीत उतरला. ज्या खाडीतून त्याने पदर घेतला, त्याच खाडीत त्याने तोंड धुतलेलं पाणी थुंकलं. मी हे पत्रकात असंच लिहिलं होतं आणि वडिलांनी ‘थुंकलं’ काढून ‘सोडलं’ केलं. इथे मी ते परत घालते आहे.

खाडी रोज वेगळ्या रंगाची वाहायला लागली. मिलमध्ये आज कोणती शेड चालू आहे ते आमच्या बायका पाण्याकडे बघून सांगायच्या. एका सकाळी ती किरमिजी होती. काठाला पोट वर करून मासे, आणि पाणकणसांत एक बगळा पडलेला. मेलेला. पाण्यात पंख मारून मारून तो छातीपर्यंत रंगला होता, आणि रंग इतका बेमालूम चढला होता की तो जन्मतःच तसा असेल असं वाटावं. नाना तो बगळा पिशवीत घालून मार्केटला घेऊन गेले आणि शेठच्या टेबलावर त्यांनी तो ठेवला. जिथे नमुन्याचं कापड ठेवायचे, तिथेच.

शेठने तो बघितला. खिशातून रुमाल काढला. टोक भिजवलं. बगळ्याच्या छातीवर घासलं आणि रुमाल खिडकीकडे धरला.

रुमाल पांढरा होता.

“सरस शेड छे, नाना,” शेठ म्हणाला. “दिवाळीमां चालशे.”

हे मला नानांनी सांगितलं तेव्हा ते हसत होते. मी हसले नाही. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? म्हणाले, “काय करणार? शेड जुळवून दिली.” त्या दिवाळीला ती किरमिजी साडी जोरात खपली. काकूंसाठी शेठने एक भेट पाठवली. काकूंनी ती कधी नेसली नाही आणि तेव्हा कुणाला दिलीही नाही. ती ट्रंकेत होती, आणि नाना त्या ट्रंकेवर बसून बूट घालत.

माझ्या वडिलांचं म्हणणं, तिथेच पेला तोंडावर फेकायला हवा होता. माझंही तेच. मी नानांना स्पष्ट म्हटलं की मला या माणसाचा सूड हवा आहे. आमच्याकडे याला न्याय म्हणायची पद्धत आहे, पत्रकात मी न्यायच लिहिते. पण त्या दिवशी मला न्याय नको होता. मला त्या माणसाला काहीतरी दुखलेलं बघायचं होतं.

“मलापण,” नाना म्हणाले. “पण कच्चा नको.”

मग कंप्युटर आला. शेठच्या पुतण्याने नानांची जुनी चित्रं मशीनमध्ये घालून घेतली आणि नानांना हार घालून घरी पाठवलं. खाडीवरचे पक्षीही एकेक करून यायचे बंद झाले. हिवाळ्यात ठरल्या जागी येणारी बदकं आली नाहीत तेव्हा नाना पिंपावर बसून म्हणाले, “रिपीट तुटला.” साडीवर एकच चित्र पुन्हा पुन्हा जुळत जातं, जोड दिसता कामा नये, त्याला ते रिपीट म्हणतात. तरी ते रोज जात राहिले. काळ्या पाण्याकडे बघत, आणि घरी येऊन आठवणीतले पक्षी काढत.

असे दिवस चालू असताना शेठचा निरोप आला.

बाहेरदेशचे खरेदीदार हल्ली माल घेण्याआधी मिल बघतात. पाणी कुठे जातं विचारतात. शेठने पाण्याचं काही केलं नाही, पण मिलच्या दर्शनी भिंतीवर चित्र काढायचं ठरवलं. खाडीकडच्या रस्त्याला लागून असलेली ती लांबलचक भिंत. तिथे कमळं, बगळे, निळं पाणी, असं निसर्गाचं दृश्य. आणि ते नानांनीच काढावं, कारण असे बगळे दुसऱ्या कुणाला येत नाहीत.

नानांनी हो म्हटलं.

मी ते ऐकलं तेव्हा त्यांच्या ओट्यावर चढून भांडले. म्हटलं, ज्याने बगळे मारले त्याच्या भिंतीवर बगळे काढणार? त्याच्या काळ्या तोंडाला चुना फासून पांढरं करताय तुम्ही. गल्लीतली माणसं जमली. नाना शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, “झालं? आता मला गच्चीवर तसराळी चढवायला मदत कर.”

त्या तसराळ्यांत गाळ होता. मिलच्या पाईपच्या तोंडाशी साठतो तो, काळा, चिकट, नाकातून डोक्यात जाणाऱ्या वासाचा. नानांनी तो गच्चीवर उन्हात वाळत घातला. गच्चीवर काकूंचे उडदाचे पापड आधीपासून होते.

“तुम्हनं डोकं फिरनं का?” काकू खालून ओरडल्या. “मन्हा पापडस्नाजोडे हाई घान?”

वाळल्यावर नानांनी तो गाळ खलात कुटला, कपड्याने गाळला आणि जवसाच्या तेलात खलवला. त्यांच्या डिझाइनच्या टेबलावरही कधी इतका काळा रंग तयार झाला नसेल. पापडांना वास लागला होता. काकूंनी ते एका डब्यात भरून बाजूला ठेवले. फेकत का नाही विचारलं तर म्हणाल्या, राहू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

भिंतीसमोर नानांनी बांबू बांधले आणि मिलच्याच रद्दी कापडाचा पडदा लावला. उन्हाने ओला रंग फाटतो, असं त्यांनी मॅनेजरला सांगितलं. पडद्यामागे ते बरेच दिवस एकटे होते. मी रागात होते, फिरकले नाही. फक्त एकदा रस्त्याने जाताना दिसलं की ते बादलीत खडूची पांढरी पूड आणि डिंक कालवत आहेत. मला वाटलं, म्हातारा शेठसाठी भिंत उजळतोय.

पडदा निघाला तेव्हा मात्र मी गेले. आणि मला रडायला आलं. ती आमची खाडी होती. पाणकणसं, कमळाच्या पानावर तोल सावरत चालणारा पक्षी, बाभळीवर लोंबणारी घरटी, आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत गेलेले बगळे. माझ्या पिढीने हे पाहिलेलंच नाही. बाया पोरांना बोट करून दाखवत होत्या. शेठ गाडीतून उतरला, मागे हात बांधून भिंतीच्या कडेने चालत गेला, परत आला आणि म्हणाला, सरस. रुमाल त्याच्या खिशातच होता. त्याचं टोक बाहेर दिसत होतं. नाना सारखे त्या टोकाकडे बघत होते. शेठने तो काढला नाही.

परतताना मी नानांशी बोलले नाही. त्यांनीच विचारलं, “कशी झाली?” मी म्हटलं, फार सुंदर, शेठला शोभेल अशी. त्यांनी मान हलवली.

त्या रस्त्याला मिलच्या बॉयलरची काजळी रोज पडते. पाहता पाहता बगळे राखाडी झाले. मग खरेदीदार येणार असल्याची बातमी आली आणि शेठने हुकूम सोडला, भिंत धुऊन काढा.

त्या सकाळी मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते, कारण पत्रक वाटायचं होतं. पत्रकवाल्यांना गाड्या कधी येणार हे बरोबर माहीत असतं. नाना चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बसले होते, पांढऱ्या सदऱ्यात. भटू नावाचा आमच्याच गल्लीतला एक जण मिलमध्ये साफसफाईला आहे. त्याने टँकरचा जाड पाईप खांद्यावर घेतला आणि भिंतीवर पाणी मारलं.

आधी काजळी गेली. मग पाठोपाठ आभाळ. निळा रंग ओघळून गटाराला लागला, त्यामागे हिरवा, मग पांढरा दुधासारखा. कमळं विरघळली. बगळे माना सोडून खाली आले. भटूचा हात थांबला. आणि खालून काळं काहीतरी वर यायला लागलं.

आधी एक पाय दिसला, वर केलेला. मग उलटा बगळा, पंख पसरून पडलेला. त्याच्या शेजारी दुसरा. पोट वर केलेले मासे. मोडलेली पाणकणसं. जिथे कमळ होतं तिथे पाईपचं तोंड. भिंतभर तीच खाडी, तेच पक्षी, त्याच जागी, फक्त मेलेले. आणि भिंतीच्या मधोमध एक मोठा हात. मनगटापर्यंतच. चेहरा नाही, नाव नाही. त्या हातात एक रुमाल, आणि रुमालाचं टोक एका मेलेल्या बगळ्याच्या छातीवर घासलेलं.

मार्केटमध्ये असा एक माणूस नाही जो तो हात ओळखणार नाही.

मॅनेजर धावत आला आणि भटूला थांब म्हणून हिंदीत शिव्या द्यायला लागला. भटू फार साधा माणूस. म्हणाला, “पूरा धोने को बोला था ना साहब? आधा कैसे छोडूं?” आणि त्याने राहिलेला कोपराही धुतला. तो धूत असतानाच गाड्या आल्या. पाहुणे उतरले, भिंतीसमोर उभे राहिले आणि त्यांनी फोन काढून फोटो घेतले. त्यांच्यातल्या एका बाईने मॅनेजरला काहीतरी विचारलं आणि हाताने खाडीकडे दाखवलं. मी तिच्या हातात पत्रक दिलं. ते मराठी-गुजरातीत होतं, तिला वाचता येणार नव्हतं, पण कोपऱ्यात बगळा होता. तिने पत्रकाकडे पाहिलं आणि भिंतीकडे पाहिलं.

मी लारीवर गेले. मला हसू आवरत नव्हतं. नाना चहा फुंकत होते. म्हणाले, “वरचा डिंकाचा. खालचा त्याचाच. साडी असती तर शेठने घासून बघितली असती. भिंत विकायची नव्हती ना.”

शेठची ऑर्डर गेली असं मार्केटमध्ये बोलतात. मला खात्री नाही, म्हणून मी छातीठोक लिहीत नाही. शेठ पोलिसात गेला नाही. जाऊन काय सांगणार, चित्र खरं आहे म्हणून?

तो नानांकडे आला. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून चालत. खाडीचा वास असा येत होता की त्याने रुमाल नाकाला लावला होता, आणि ते बघून ओट्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी नानांकडेच होते, हलले नाही. शेठ खुर्चीवर टेकला. ओरडला वगैरे नाही. खरोखर दुखावल्यासारखा म्हणाला, “नाना, आ तें शुं कर्युं?” मग बरंच बोलला. हे काय केलंस तू? मी तुला स्क्रीन ओढण्यातून वर काढलं. मी रोज पाखरांना दाणे टाकतो. मला पाखरांचा खुनी दाखवलंस.

नानांनी गुजरातीतच उत्तर दिलं, एकाच वाक्यात. रंग तुमचाच आहे शेठ, मी फक्त भिंतीला लावला.

तेवढ्यात काकू आतून बशी घेऊन आल्या. बशीत भाजलेला उडदाचा पापड. काकूंनी तो अगदी अदबीने शेठपुढे ठेवला. मी तो डबा ओळखत होते. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, असं काहीतरी काकू पुटपुटल्या आणि शेठने पापडाचा तुकडा मोडला.

नानांनी त्याच्या हातातून तो काढून घेतला.

“हा नको,” ते म्हणाले. “हा आमच्या खाडीचा आहे.”

शेठ उठून गेला. मला तेव्हा नानांचा भयंकर राग आला, आणि आजही थोडा आहे. एक पापड. आमच्या वस्तीने किती वर्षं काय काय गिळलं आणि या माणसाला एक घास गिळू दिला नाही. मी हे बोलूनही दाखवलं. काकू माझ्या बाजूने होत्या. नानांनी बशी उचलली आणि पापड बाहेर गटारात टाकला. म्हणाले, “पोटाचा राग पोटात राहतो. कुणाला दिसत नाही.”

शेठने मात्र आपला घास घेतला. महिना उलटायच्या आत घरमालकाने नानांना खोली सोडायला सांगितली. कारण विचारलं तर डोळ्याला डोळा भिडवेना. नाना-काकू शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला मुलाकडे गेले. तिथे कॉलनी आहे, पाण्याची टाकी आहे, समोरासमोर गॅलऱ्या आहेत. खाडी नाही. ट्रंक हलवताना काकूंनी ती किरमिजी साडी आमच्या गल्लीत एका पोरीला पाय पुसायला दिली. नाना पिंपावर शेवटचं बसले, मग ते पिंप त्यांनी उलटं केलं, म्हणजे सुलटं, आणि तसंच सोडून आले.

भिंतीवर शेठने राखाडी रंग मारून घेतला. तो वाळला आणि काही दिवसांनी त्यातून काळी मान वर आली. पुन्हा रंग मारला. पुन्हा पाय वर आला, मग पंखाची कड, मग रुमालाचं टोक. त्या गाळातला रंग कशानेच अडत नाही. तो कापडावर चढण्यासाठीच केलेला असतो, आणि शेठ कधी हलका माल वापरत नसे.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच, मिलसमोरच्या लारीवर. कोसाडहून सिटी बस बदलून बदलून आले होते. डोळे कमी झाले होते, सदरा तसाच पांढरा. भिंतीला तिसरा हात मारून थोडेच दिवस झाले होते. ऊन भिंतीवर आलं होतं आणि त्या राखाडीत, अगदी मधोमध, एका बगळ्याची मान हळूहळू दिसायला लागली होती. नानांना ती दिसत नव्हती. त्यांनी मला विचारलं, “आली का?” मी म्हटलं, आली. “किती?” म्हटलं, मान, आणि चोचीचा थोडासा भाग.

त्यांनी चहा खाली ठेवला. खिशातून रुमाल काढला, लारीवाल्याच्या तांब्यातल्या पाण्यात त्याचं टोक बुडवलं आणि माझा हात धरून रस्ता ओलांडला. मी त्यांचा हात त्या मानेवर नेऊन ठेवला. त्यांनी घासलं, भुवया वर करून, थेट शेठसारखं, आणि रुमाल उन्हाकडे धरला. त्यावर राखाडी डाग होता. काळं काहीच नव्हतं.

“शेठना रंग कच्चा निंघना,” नाना अहिराणीत म्हणाले.

मग त्यांनी रुमालाची घडी केली, डाग आत ठेवून, आणि माझ्या हातात दिली. “घे पत्रकवाली. छाप.”

मी तो ओला रुमाल मुठीत धरला. बस येईपर्यंत आम्ही लारीवर बसलो. नाना माझा हात डोळ्यांजवळ घेऊन मुठीकडे बघत होते, बोटं कुठून आत जातात ते बघतात तसे, आणि मग तो सोडून, घरापर्यंत कुणाशी बोलायचं नसल्यासारखे, बसमध्ये चढले.